नऊ मामांची मुलगी

यवतमाळला माझी आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना माझ्या नोकरीबद्दल सांगायची, "तो पुण्याले राहते, कॉम्प्युटरात शब्द बदलते." ऐकणाऱ्याची खात्री व्हायची, की पोराला काही धड काम नाही. सुट्टीत गेलो की मी तिला समजावायचो. अगं, मी प्रोग्रामर आहे, वेबसाइट बनवतो, पीएचपी नावाची एक भाषा आहे. ती सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "पण मंग दिवसभर करतं काय तू?"

आता नोकरी संपली, धायरीच्या गच्चीत कुंड्यांना पाणी घालत बसलो की वाटतं, आईनेच बरोबर सांगितलं होतं. मी आयुष्यभर शब्द बदलले. दुसऱ्यांचे, दुसऱ्यांच्या सांगण्यावरून, आणि बऱ्याचदा नको तेही.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, घाबरू नका. तुम्ही एखाद्या साइटवर काहीतरी लिहून बटण दाबता. तो मजकूर पडद्याआड आमच्याकडे येतो. आम्ही त्यातला कचरा काढतो, नको ते झाकतो, आणि मग तो जगाला दाखवतो. पीएचपीत यासाठी तयार सोय आहे. तिला तीन गोष्टी सांगायच्या: काय शोधायचं, त्या जागी काय ठेवायचं, आणि कशात शोधायचं. नेमका शब्द माहीत असेल तर काम सोपं. पण पुष्कळदा नेमका शब्द माहीत नसतो, नुसतं वर्णन माहीत असतं. स्वारगेटला पाहुण्यांना आणायला कोणाला पाठवताना आपण सांगतो ना, उंच आहेत, डोक्यावर टोपी आहे, हातात निळी पिशवी असेल. तसंच. या वर्णनाला आम्ही पॅटर्न म्हणतो. वर्णन सैल पडलं, तर भलताच माणूस घरी येऊन जेवून जातो.

जेवणावरून आठवलं. आमचे एक केटरर होते. त्यांच्या साइटवर जिथे तिथे 'पूना' होतं, ते त्यांना 'पुणे' करून हवं होतं. मी इंग्रजी पानांवर एका ओळीत करून दिलं. आठवड्याने गृहस्थ स्वतः ऑफिसात हजर. खुर्चीत बसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "पुण्यात लोकांनी जेवण सोडलंय का हो? आठवडाभर एक ऑर्डर नाही." त्यांच्या ई-मेलच्या पत्त्यातसुद्धा 'पूना' होतं. तेही मी बदलून टाकलं होतं. सगळ्या ऑर्डरी अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर जात होत्या. त्यांना चहा पाजला आणि तेव्हापासून शिकलो, की काय शोधायचं यापेक्षा कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवावं.

ते दिवस मोठे गमतीचे होते. हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या, ओळखीपाळखीची मुलं अमेरिकेतल्या बँकांची कामं करत होती, आणि आमची कंपनी म्हणजे धायरीतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर मांडलेली सहा-सात टेबलं. अमेरिका आमच्याकडे कधी आली नाही. आमच्याकडे यायचे क्लासवाले, मसालेवाले, सहलवाले. आणि शनिवार पेठेतल्या सरोजबाई.

सरोजबाईंचं वधूवर सूचक मंडळ होतं. एका स्टेशनरीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एक टेबल, एक फोन. भाचीच्या आग्रहाने त्यांनी मंडळ इंटरनेटवर आणलं आणि ते काम माझ्या वाट्याला आलं. बाई बुटक्या, ताठ, आवाज खर्जातला. पहिल्याच भेटीत मी म्हणालो, "बाई, मी तुमचे सगळे मुद्दे लिहून राहिलो आहे." त्या म्हणाल्या, "लिहून राहू नका, लिहा." पुढे कित्येक वर्षं त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "काय हो यवतमाळ," एवढंच. मला ते आवडायचं. पुण्यात कोणी आपली फिरकी घेतली, तर समजावं आपल्याला आत घेतलंय.

बाईंचा एक नियम होता. कोणत्याही स्थळाच्या माहितीत फोन नंबर दिसता कामा नये. दोन्हीकडची माहिती जुळली, की बाई स्वतः दोन्ही घरी फोन करणार, जे सांगायचं ते सांगणार, आणि मग नंबर देणार. यामागे कारण होतं. फार पूर्वी त्या नंबर सरसकट छापत. एका मुलीचा नंबर कोणा टवाळांच्या हाती लागला आणि त्या घरी असे काही फोन येऊ लागले, की मुलगी फोनची घंटा वाजली तरी दचकायची. बाई ते सांगताना एरवीचा तिरकसपणा बाजूला ठेवायच्या. "माझ्या मंडळातून एका मुलीला त्रास झाला," त्या म्हणाल्या. "दुसरीला होणार नाही एवढं तुम्ही बघा."

मी मन लावून पॅटर्न लिहिला. ओळीने दहा आकडे दिसले, की ते काढायचे आणि त्या जागी ठेवायचं 'संपर्क मंडळामार्फत'. झकास चालला. मग लिमयेकाका आले.

लिमयेकाका म्हणजे प्राची नावाच्या एका मुलीचे वडील. त्यांना मंडळाची सेवा हवी होती, पण नियम नको होता. त्यांनी मुलीच्या माहितीत फोन नंबर घातला. पॅटर्नने तो काढला. त्यांनी आकड्यांत जागा सोडल्या. मी पॅटर्नला जागा ओळखायला शिकवलं. त्यांनी मध्ये रेघा मारल्या, मी रेघा शिकवल्या. त्यांनी शून्याच्या जागी इंग्रजी ओ घातला. तोवर आमची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती, पण रोज सकाळी ऑफिसला आलो की मी आधी बघायचो, काकांनी आज काय केलंय.

मग त्यांनी मराठी आकडे वापरले. मी घाईने ठरवलं, मराठी आकडा दिसला की फुली मारायची. आता यात एक मेख आहे. आपल्याला देवनागरीतलं अक्षर एक दिसतं, पण यंत्राच्या पोटात त्याचे तीन तुकडे असतात. हे तीन मिळून एक समज, असं पीएचपीला वेगळं सांगावं लागतं, नाहीतर ती तुकड्यांनाच अक्षरं समजते. मी ते सांगितलं नव्हतं. तिने मंडळातल्या यच्चयावत मुलामुलींच्या माहितीचे तुकडे केले आणि पडद्यावर जिकडेतिकडे त्या काळ्या चौकटी उमटल्या, तिरक्या, मध्ये प्रश्नचिन्ह असलेल्या. तेव्हा लिमयेकाकांचा पहिला फोन आला. "आमच्या मुलीच्या माहितीत शंकरपाळे कोणी तळले?"

मी माफी मागितली, दुरुस्त केलं. काकांनी थोडी उसंत घेतली आणि नंबर चक्क अक्षरांत लिहिला. मीही इरेला पेटलो होतो. शून्यापासून नऊपर्यंत जो शब्द दिसेल त्यावर फुली, असा फतवा काढला. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन.

"यवतमाळ, साइट उघडून बघा. पुण्यातल्या एकाही स्थळाकडे आज विचार शिल्लक नाहीत."

मी उघडली. साधी राहणी सगळ्यांकडे होती, पण उच्च विचारांतला 'चार' गेला होता आणि तिथे फुली होती. साताऱ्याची मंडळी कुठलीच राहिली नव्हती. सदाचारी कोणी उरलं नव्हतं.

"असेलही खरं," बाई म्हणाल्या. "पण ते आपण जाहीर कशाला करायचं?"

शेवटी तडजोड केली. आकड्यांचे तीन-चार शब्द एकमेकांना लागून आले, तरच झाकायचे. काकांना पुन्हा हार मान्य करावी लागली. पण त्या दिवशी फोनवर ते मागच्यासारखे तिरके बोलले नाहीत. म्हणाले, "अहो, मला काय तुमचा नियम मोडायची हौस आहे का? स्थळं येतात. प्राचीची माहिती आवडते, फोटो आवडतो. मग तुमच्या बाई त्यांच्या घरी फोन करतात आणि पुढचं सगळं गार होतं. माझी मुलगी काय वाईट आहे का हो?"

ते का होतं हे मला माहीत होतं. प्रत्येक स्थळापुढे बाईंचा एक शेरा असायचा. तो साइटवर दिसत नसे, फक्त बाईंना दिसे, आणि साइट माझ्या हाती असल्यामुळे मलाही. प्राचीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'ठरलेले एकदा मोडले आहे.' साखरपुडा झाला होता, मुलाने परदेशातच राहायचं ठरवलं आणि त्याच्या घरच्यांनी मोडलं. तिचा काही दोष नव्हता आणि बाई तसंही सांगत. पण लपवायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. नंतर कळलं तर मुलीलाच त्रास, असं त्यांचं म्हणणं. त्या फोन करत, प्रामाणिकपणे सांगत, समोरची माणसं म्हणत "नाही नाही, आमचं तसं काही नाही," आणि दुसऱ्या दिवशी कळवत की पत्रिका जुळत नाही. असं प्राचीच्या बाबतीत सारखं होत होतं. वय वाढत होतं, काका खंगत होते आणि मी पॅटर्न घट्ट करत होतो.

मला त्याचं वाईट वाटायचं. पण ते माझं काम नाही, असं स्वतःला सांगून मी पुढच्या कामाला लागायचो. आमच्या धंद्यात हे सांगणं फार सोपं असतं.

पुढे बरेच दिवस काकांकडून काही आलं नाही. दर सोमवारी मी नवीन आलेली माहिती डोळ्यांखालून घालायचो, पॅटर्नच्या हातून काही निसटलंय का ते बघायला. अशाच एका सोमवारी प्राचीची माहिती बदललेली दिसली. आधी तिथे 'आमची कन्या सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष' वगैरे होतं. आता लिहिलं होतं:

'मला नऊ मामा आणि सात मावश्या आहेत. माझ्याकडे दोन सायकली आहेत, त्यातली एक चालते. व्यसने शून्य. पोळ्या बऱ्या जमतात, पण पाच झाल्या की कंटाळा येतो.'

आणखी अशीच काही वाक्यं होती. मला हसू आलं. मग शंका आली. काकांच्या जुन्या मजकुरात 'मामा एक (अमेरिका)' असं असायचं. एकाएकी आणखी आठ मामा कुठून आले? मी पहिल्यापासून नुसते आकडे वाचत गेलो. बरोबर दहा होते. नऊ, सात, दोन, एक, शून्य, पाच आणि पुढचे. प्रत्येक वाक्यात सुटे सुटे, एकमेकांपासून लांब. पॅटर्नने बिचाऱ्याने सगळं वाचलं होतं आणि पुढे पाठवलं होतं.

मी खुर्चीत मागे टेकलो आणि खरं सांगतो, मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. याला उपाय नव्हता. सुटा आकडासुद्धा झाकायचा म्हटलं, तर कोणाला भाऊ किती हेच कळेना. आणि हे काकांचं काम नव्हतं. काकांनी पोळ्यांचा कंटाळा लिहिलाच नसता.

एकदा मनात आलं, राहू द्यावं. कोणाला कळतंय? पण बाईंनी सांगितलेली ती फोनला दचकणारी मुलगी आठवली. आज हिने केलं, उद्या आणखी दहा घरं करतील, आणि एखादा टवाळ नेमका हेच शोधत बसेल. बाईंनी माझ्यावर विश्वास टाकला होता. मी शनिवार पेठ गाठली आणि त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. बाईंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बोटांवर मोजलं.

"हिला बोलवा," त्या म्हणाल्या. "हिला. लिमयांना नको. आणि तुम्हीही या. नियम मोडला असेल तर नाव काढून टाकायचं, आणि ते तुमच्यासमोर."

शनिवारी सकाळी प्राची आली. तिशीच्या उंबरठ्यावरची, हातात हेल्मेट, चेहरा मोकळा. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. इतके दिवस ती माझ्यासाठी नुसता मजकूर होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "मामा नाही आले कोणी बरोबर?"

प्राची हसली. "एकच आहेत, काकू. ते अमेरिकेत असतात."

"आणि मावश्या?"

"मावशी नाहीच."

"छान. नियम ठाऊक होता ना?"

"होता. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, काकू. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रामात फटी शोधायच्या, हीच माझी नोकरी. घरी बाबा रोज हरत होते, म्हटलं एकदा मी ट्राय करते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, पॅटर्न मस्त लिहिलाय तुम्ही. पण तो फक्त शेजारशेजारचे आकडे पकडतो. लांब बसवले की सुटतात."

पुण्यात माझ्या कामाचं तोंडावर झालेलं हे पहिलं कौतुक. मीही तिच्या मामांचं कौतुक करायला लागलो.

"ते एकमेकांचं कौतुक खाली चहाच्या दुकानात करा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिला ती जुनी हकिकत सांगितली. फोन, टवाळ, दचकणारी मुलगी, सगळी. "हा नियम मी तुम्हा मुलींसाठी केलाय. माझ्या सोयीसाठी नाही."

प्राचीने नीट ऐकून घेतलं. "बरोबरच केलंत," ती म्हणाली. "पण तेव्हा त्या मुलीचा नंबर कोणी दिला होता?"

"वडिलांनी. दुसरं कोण देणार?"

"तिला विचारलं होतं कोणी? मी माझा नंबर स्वतः दिलाय, काकू. बाबांना अजून माहीतसुद्धा नाही."

बाईंनी टेबलावरचा पेन उचलला आणि पुन्हा ठेवला. "तुला माझ्या हातून जायचं नव्हतं तर सरळ सांगायचं. मी तुझ्याबद्दल कोणाला काही खोटं सांगितलंय का?"

"नाही, काकू. तुम्ही खरं तेच सांगता," प्राची म्हणाली. "पण माझ्याआधी सांगता."

खाली दुकानात कोणीतरी रबरी शिक्क्यांचा भाव विचारत होतं, तो स्पष्ट ऐकू आला.

"माझं मोडलं ते मला लपवायचं नाहीये," प्राचीच पुढे म्हणाली. "पण प्रत्येक वेळी ते माझ्या आधी त्या घरात जाऊन बसलेलं असतं. मी पोचतच नाही. एकदा तरी मला स्वतः सांगायचं होतं. समोरचा गप्प होतो, का हसतो, का फोन ठेवतो, ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं."

"मग?" बाईंनी विचारलं. "आला का कोणाचा फोन?"

"एकाचा आला. मागच्या आठवड्यात. निनाद म्हणून आहे, कात्रजला राहतो, दूध तपासायच्या लॅबमध्ये आहे. म्हणाला, तुमच्या मामांची संख्या मला जरा भेसळीची वाटली."

बाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. "मग त्याला सांगितलंस?"

"पहिल्या पाच मिनिटांत."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माझंही मोडलंय. साखरपुडा झाल्यावर."

बाईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं. "हा कात्रजचा निनाद आपल्याकडे नोंदलेला आहे. काढा बघू."

मी काढला. बाईंचा शेरा होता, 'निर्व्यसनी. घर स्वतःचे. आई जरा बोलघेवडी.' बस्स.

"मला त्या बोलघेवड्या आईने काही सांगितलं नाही," बाई म्हणाल्या.

"मी पण त्याला तेच म्हटलं, लपवलंस का म्हणून," प्राची म्हणाली. "तो म्हणाला, लपवलं नाही, कोणी विचारलंच नाही."

"असं कसं? मी मुलीकडच्या प्रत्येकाला विचारते. पूर्वी कुठे ठरलं होतं का, मोडलं असेल तर का. आणि मुलाकडच्यांना..." बाईंनी ते वाक्य पूर्ण केलं नाही. चष्मा वर सरकवून त्या निनादच्या शेऱ्याकडे बघत राहिल्या.

मग माझ्याकडे वळल्या. "यवतमाळ, ते तुमचं शोधून बदलायचं असतं ना, ते माझ्या शेऱ्यांमध्ये चालतं का?"

"चालतं की."

"मग 'मोडले' शोधा. सगळीकडे."

आता बाईंनी ते दर वेळी एकाच शब्दांत थोडंच लिहिलं होतं? कुठे 'ठरलेले मोडले', कुठे 'ठरलेलं मोडलंय', कुठे 'साखरपुडा मोडला', कुठे नुसतं 'एकदा ठरले होते'. मी सगळ्या तऱ्हा बसतील असा पॅटर्न लिहायला घेतला. आयुष्यात लिहिलेल्या पॅटर्नांपैकी हा मी सर्वांत काळजीपूर्वक लिहिला. केटररच्या पोटावर पाय आला तसा इथे कोणाच्या येऊ नये म्हणून. प्राची माझ्या खांद्यावरून बघत होती आणि दोन ठिकाणी तिने फटी दाखवल्या. त्या बुजवल्या. मूळ शेऱ्यांची एक प्रत बाजूला काढून ठेवली.

"त्या जागी काय ठेवू?" मी विचारलं.

बाईंनी विचार केला. "लिहा, 'मुलगी स्वतः सांगेल.'"

"नको, काकू," प्राची लगेच म्हणाली. "तुम्ही फोनवर तेच वाचून दाखवाल. समोरचा विचारेल, काय सांगेल? म्हणजे पुन्हा तेच."

"मग काय ठेवायचं?"

"काही नको. मोकळं ठेवा."

"लपवायचं नाही, हा माझा नियम आहे."

"लपवू नका ना. फक्त मला बोलू द्या."

बाईंनी मान हलवली. होकारार्थी होती की नुसतीच, ते कळायला मला क्षणभर लागलं. मग मी त्या जागी काहीच ठेवलं नाही. पीएचपीत 'काहीच नाही' असं लिहायची रीत आहे, दोन अवतरण चिन्हं शेजारीशेजारी, मध्ये रिकामं. ते लिहिलं.

तुम्हाला उत्सुकता असेल, म्हणून पुढचं इथेच सांगून टाकतो. प्राची आणि निनाद सहा-आठ महिने भेटत राहिले आणि मग त्यांचं लग्न झालं. अक्षता टाकताना लिमयेकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नंबर काही तुम्हाला शेवटपर्यंत अडवता आला नाही." मुलीचं कर्तृत्व आपलंच असल्यासारखे. मीही म्हणालो, नाही आला. मंडळाच्या साइटवर त्यानंतर एक चौकोन आला, नंबर दाखवायचा की नाही हे मुलीने स्वतः ठरवायचं. पुढे मोबाइलवर लग्न जुळवणारी मोठमोठी दुकानं आली आणि बाईंनी मंडळ हळूहळू आवरतं घेतलं. मी लिहिलेला तो पॅटर्न आता कुठेच चालत नसेल. आमच्या धंद्यात असंच असतं. सुतार म्हातारपणी आपण केलेल्या खुर्चीत बसू शकतो. आम्हाला बसायला काही उरत नाही. याची कधी कधी हळहळ वाटते. पण त्या शनिवारी त्या दोन खोल्यांत जे झालं ते मी पाहिलं, आणि त्यात माझी एक ओळ होती, हे मला पुरतं.

तर, त्या शनिवारी मी बटण दाबलं. काम डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं. किती ठिकाणी बदल झाला ते पीएचपी मागितलं तर सांगते. आकडा पडद्यावर आला.

"किती निघाले?" बाईंनी विचारलं.

मी सांगितला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळ्या मुली?"

"सगळ्या मुलीच."

"आणि मुलांच्या शेऱ्यांत?"

"एकही नाही, बाई."

बाईंनी पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या, सावकाश, दोन्ही बाजूंनी. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फोन जवळ ओढला.

"त्या मुलींची नावं आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत. प्रत काढून ठेवली आहे."

"पहिलं वाचा. नंबर सांगा."

मी नाव वाचलं, नंबर सांगितला. बाईंनी फिरवला. पलीकडे पुरुषाचा आवाज आला, बहुधा वडिलांचा. मंडळातून फोन म्हटल्यावर तो आवाज लगबगीचा झाला, आम्हालाही ऐकू येईल इतका.

"नमस्कार, सरोज बोलतेय," बाई म्हणाल्या. "नाही, स्थळ वगैरे काही नाही. नाही, आपल्याशी काम नाही. फोन मुलीला द्या."